एकवीस दिवसांचं पथ्य

माझ्या नवऱ्याची कोलेस्ट्रॉलची गोळी मी एकवीस दिवसांसाठी म्हणून बंद केली होती. त्यांना न सांगता. हे मी लपवणार नाही. म्हसावदातल्या अर्ध्या लोकांना ते ठाऊक आहेच, उरलेल्या अर्ध्यांनी माझ्याच तोंडून ऐकावं. एवढी शिकलेली बाई आणि तिच्या हातून असं कसं झालं, असं जे माझ्या मागे कुजबुजतात त्यांनी समोर येऊन विचारावं. मी घरीच असते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. शाळेत पुस्तकातली मराठी आणि घरी अहिराणी, असा जिभेचा संसार दोन ठिकाणी झाला. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तार फेऱ्या मोजून भरायची, हे त्यांचं काम. केळी काय, ऊस काय, सगळ्यांना पाणी लागतं. त्यामुळे तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत सगळे आमच्या दारात. बहात्तर वर्षांचे झाले तरी त्यांनी दुकान सोडलं नाही आणि मीही कधी सोडा म्हणाले नाही. दिवसभर घरात बसलेला नवरा कोणाला हवा असतो.

तीन वर्षांपूर्वी सुरतेला नेऊन त्यांच्या हृदयाच्या नसेत स्टेंट टाकला. तेव्हापासून जेवणानंतर तीन गोळ्या. एक रक्त पातळ राहण्याची, एक ब्लडप्रेशरची, एक कोलेस्ट्रॉलची. गोळ्या द्यायचं काम माझं. ते हात पुढे करायचे, मी तळहातावर ठेवायची, ते पाण्याबरोबर गिळायचे. कोणती कशाची हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांना फ्लू झाला. साधा ताप म्हणून तीन दिवस काढा पाजला, चौथ्या दिवशी श्वास लागला. नंदुरबारला दवाखान्यात ऑक्सिजन लावून अकरा दिवस ठेवलं. तिथून जीव घेऊन घरी आलो, पण त्यांचे हात थरथरायला लागले होते. तार भरताना बोटं चुकायची, भरलेलं सगळं उपसून पुन्हा सुरू करावं लागायचं. दोन महिने दुकान बंदच होतं. एकदा दुपारी चहा घेऊन गेले, तर शटर अर्धं उघडून नुसते बसलेले, पुढ्यात उघडी मोटार. मला म्हणाले, "छातीनं दुखनं परवडस. पन हाऊ ताप आखो नको." स्टेंट टाकायच्या दिवशीही हा माणूस हसत आत गेला होता. त्यांना इतकं घाबरलेलं मी आमच्या उभ्या संसारात पाहिलं नव्हतं. तिथेच ठरवलं, की पुढच्या पावसाळ्यात हा ताप यांच्या अंगाला लागू द्यायचा नाही.

म्हणून उन्हाळ्यात शहाद्याच्या डॉक्टरांनी फ्लूच्या लशीचं सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. वय झालेल्यांनी, त्यातून हृदयाचा त्रास असलेल्यांनी ती दरवर्षी घ्यावी, पाऊस सुरू व्हायच्या आधी या, टोचून टाकू, असं ते म्हणाले. आम्ही पुढच्या महिन्यातली तारीखही ठरवून आलो.

त्याच आठवड्यात सुरतेच्या मुलानं मोबाइलवर एक लेख पाठवला. आमचा मुलगा येत नाही, लेख पाठवतो. त्यात लिहिलं होतं, की कोलेस्ट्रॉलची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगात फ्लूच्या लशीचा जोर जरा कमी पडतो असं परदेशातल्या काही अभ्यासांत दिसलं आहे. ही गोळी रक्तातली चरबी उतरवते, आणि तिच्यासोबत शरीराचा तापटपणाही थोडा उतरवते. लस कामाला लागायची तर शरीरानं थोडं चवताळावं लागतं. मी तो लेख दोनदा वाचला. मग यांना वाचून दाखवला. ते कॉइलवर वार्निश लावत होते, ब्रश थांबवून म्हणाले, "मंग ते इंजेक्शन लिसन काय फायदा? गोयीच त्यानी ताकद खाई जास."

लेखाच्या शेवटी असंही होतं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. मी मास्तरीण आहे, शेवटची ओळही वाचते. म्हणून दुसऱ्याच दिवशी एकटी बस पकडून शहाद्याला गेले. दीड तास बाकावर बसले. नंबर आला तेव्हा डॉक्टरांच्या कानाला फोन होता. मी मोबाइल पुढे धरला, विचारलं, हे खरं का, आणि खरं असेल तर आम्ही काय करायचं. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, मोबाइलवरचं वाचून डोकं कशाला शिणवता? मी लिहून दिलंय ते घेत जा." आणि पुन्हा फोनवर बोलायला लागले. पुढचा पेशंट माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला होता.

मी उठले. पण विचारल्याशिवाय बंद केली असं मला कोणी म्हणायचं नाही. मी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, म्हणून माझ्याजवळ जे उत्तर होतं ते मी काढलं.

ते उत्तर माहेरचं. माझी आई काविळीचं औषध द्यायची. एका झाडाची मुळी, ताकात उगाळून, रविवारी उपाशीपोटी. कोणतं झाड ते मी सांगणार नाही, तशी आण घेतलेली आहे. पैसा घ्यायचा नाही, हीसुद्धा आण. आईनं ते मला आणि माझ्या भावाला दिलं. शाळेला रविवारी सुट्टी असायची, त्यामुळे नोकरीच्या आड ते कधी आलं नाही. चाळीस वर्षं माझ्या ओसरीवर रविवारी पिवळ्या डोळ्यांची माणसं बसत आली आहेत. शाळेत मी मुलांना यकृताची आकृती काढून दाखवायची आणि रविवारी मुळी उगाळायची. यात काही विसंगत आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि ज्यांना वाटायचं तेही कावीळ झाली की यायचेच.

मुळीपेक्षा पथ्य मोठं, असं आई म्हणायची. एकवीस दिवस तेल नाही, हळद नाही, फोडणी नाही. आणि दुसरं औषध नाही. पोटात दुसरं औषध असलं की ते मुळीशी भांडतं आणि मुळी लागू पडत नाही. मुळी द्यायच्या आधी पोट मोकळं करायचं. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतही म्हणेन.

तर मला काय सुचावं? गोळी लशीशी भांडते. मग लशीच्या आधी एकवीस दिवस गोळीचं पथ्य धरायचं, शरीर मोकळं करायचं, लस नीट लागू द्यायची, आणि मग गोळी पुन्हा सुरू. परदेशातले शिकलेले लोक जे आता शोधतायत ते माझ्या आईला आधीच ठाऊक होतं, असंही मनात आलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. अभिमान वाटला की माझं डोकं बंद होतं, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं.

यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते डॉक्टरांना विचार म्हणाले असते आणि मला पुन्हा त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं. त्या संध्याकाळपासून मी तळहातावर तीनऐवजी दोन गोळ्या ठेवायला लागले. तिसरी पाकिटातून काढून मोरीत टाकायची, म्हणजे पाकीट रोजच्यासारखं रिकामं होत जाईल. ते गिळायचे, पाणी प्यायचे, बातम्या बघायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बारीक टिंबं देत होते.

बाविसाव्या दिवशी लस टोचली. दंड थोडा दुखला, एक रात्र कणकण आली. मला बरं वाटलं, शरीर चवताळतंय म्हणून. मनाशी म्हटलं, लस रुजायला अजून चार दिवस देऊ, मग गोळी सुरू करू.

तिसऱ्याच दिवशी दुपारी दुकानातून निरोप आला. धावत गेले तर ते भिंतीला टेकून बसलेले, कपाळावर घाम, हात छातीवर. म्हणाले, "जड वाटी ऱ्हायनं." शेजारच्या खतवाल्यानं गाडी काढली. म्हसावद ते शहादा हा रस्ता मी हजार वेळा केला असेन, पण त्या दिवशी तो संपेना. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मनात दुसरं काही नव्हतं, फक्त मोरीत गेलेल्या गोळ्या.

ईसीजी काढला, रक्त घेतलं, जिभेखाली गोळी ठेवली. तासाभरात दुखणं उतरलं. अ‍ॅटॅक नव्हता. पण डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. कोलेस्ट्रॉल वाढलेलं दिसत होतं, आधीच्या रिपोर्टपेक्षा बरंच. त्यांनी सरळ यांना विचारलं, "कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "चालू शे. रोज लेस मी."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. सरळ, ठाम आवाजात म्हणाले होते, ग्राहकाला मोटार तयार आहे असं सांगावं तसं. त्या क्षणी मला समजलं की यांना ठाऊक आहे.

"नाही," मी म्हणाले. "मी बंद केली. चोवीस दिवस झाले. यांचा दोष नाही."

मग डॉक्टर बोलले. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. शिक्षिका होतात ना तुम्ही, असं दोनदा म्हणाले. मी ऐकून घेतलं, कारण त्यातलं निम्मं मला लागूच होतं. पण उरलेलं निम्मं मी घेतलं नाही. ते थांबल्यावर मी म्हणाले, "डॉक्टर, महिन्याभरापूर्वी हेच विचारायला मी तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही फोनवर हात ठेवून उत्तर दिलंत. तेव्हा दोन मिनिटं बोलला असतात तर आज हे बोलायची वेळ आली नसती. माझी चूक माझी. तुमची तुम्ही घ्या." नर्स हातातली सुई तशीच धरून उभी राहिली.

डॉक्टर लालबुंद झाले. पण त्यांचं एक मानते. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. मग समजावून सांगितलं. लेखातलं खोटं नव्हतं. या गोळीमुळे म्हाताऱ्या माणसांत लशीचा जोर थोडा कमी पडत असेल, असं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते अजून पक्कं झालेलं नाही. आणि कमी म्हणजे शून्य नव्हे. लस घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, पण दवाखान्यात पोहोचण्याइतका बळावण्याची शक्यता कमी होते. गोळी मात्र त्या नसेसाठी आहे, ती रोज लागते, तिला सुट्टी नाही. दोन्ही घ्यायचं. एकासाठी दुसरं सोडायचं नाही. "आजचं दुखणं गोळी सोडल्यामुळेच आलं असं मी छातीठोक सांगणार नाही," ते म्हणाले, "पण असा जुगार मी माझ्या बापाच्या बाबतीत खेळणार नाही." शेवटी म्हणाले, घरातल्यांनी, दुकानात रोज येणाऱ्यांनीही लस घ्या, म्हणजे ताप यांच्यापर्यंत येण्याच्या वाटाच कमी होतील. यातला शब्द न् शब्द मला महिन्याभरापूर्वी समजला असता.

उठता उठता ते थांबले. "म्हसावदच्या काविळीच्या बाई त्या तुम्हीच का? तुम्ही लोकांच्या गोळ्यांच्या पिशव्या खुंटीला टांगून ठेवता म्हणे."

मी हो म्हणाले.

"काविळीत काही गोळ्या थांबवाव्या लागतात," डॉक्टर म्हणाले. "पण कोणत्या, ते आम्ही ठरवायचं. तुमच्या खुंटीनं नाही."

त्यांनी संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. ते गेल्यावर मी पलंगापाशी बसले आणि यांना विचारलं, "तुम्हले कव्हय समजनं?"

"पहिलाच दिन," ते म्हणाले. "तीन गोया ऱ्हातस, तू दोनच दिध्यात. जलमभर फेऱ्या मोजेल शेतस मी."

"मंग बोलनात काब्र नही?"

त्यांनी चादर वर ओढून घेतली. मग म्हणाले, "तू इतला लोकेस्ले बरं करस. मी म्हनं, माले बी करशी."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माझ्यावर, आणि त्यांच्यावरही. बायकोवर विश्वास ठेवून जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी त्यांना तिथेच बजावलं, की यापुढे तळहातावर काय ठेवलं ते विचारायचं. रोज विचारायचं. मी चिडले तरी विचारायचं. तेव्हापासून विचारतात, आणि मी चिडतेही.

घरी आले तेव्हा पहिलं लक्ष ओसरीवरच्या खुंट्यांकडे गेलं. डॉक्टर म्हणाले ते खरं होतं. पथ्य मोडू नये म्हणून माणसं आपली चालू औषधं घरी ठेवत नाहीत, माझ्या ओसरीवर पिशवीत टांगून जातात. एकवीस दिवसांनी नारळ घेऊन येतात आणि पिशवी घेऊन जातात. आईच्या वेळी पिशवीत एखादी खोकल्याची बाटली असायची. आता प्रत्येक पिशवीत गोळ्या असतात. आणि ज्यांनी पिशवी नेली नाही, ते इतके बरे झाले की गोळ्यांची गरजच उरली नाही, असं आई समजायची. मीही समजायचे. असल्या पिशव्या मी एका पत्र्याच्या डब्यात टाकत आले होते, वर चिठ्ठी लावून, नाव आणि गाव. डब्याचं झाकण लागत नव्हतं.

तो डबा मी त्या दिवशी उपडा केला. सात वर्षांच्या पिशव्या निघाल्या. चष्मा लावून एकेक पाकीट वाचलं. ब्लडप्रेशरच्या. शुगरच्या. फिटच्या. एवढी वर्षं त्या मी हातात घेतल्या होत्या आणि एकदाही वाचल्या नव्हत्या. वाचता येत असून वाचलं नाही, असं एखाद्या मुलानं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

रविवारी नेहमीसारखी माणसं आली. एक म्हातारी नातसुनेबरोबर आली होती, हातात पिशवी. सवयीनं म्हणाली, "पिशवी लटकाडी देऊ का, बाई?"

"नही," मी म्हणाले. "ती घर लई जाय. जो डॉक्टरनी दिध्यात, त्यालेच ईचार. मी सांगस म्हनीसन एक बी गोयी सोडानी नही."

म्हातारी बिचकली. पथ्य नाही तर औषध कसलं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मुळी न घेताच निघून गेली. तिच्यामागून आणखी दोघं गेले. पुढच्या रविवारी गर्दी निम्मी झाली. त्यानंतर भावाचा फोन आला. तोही माहेरी औषध देतो, आणि त्याच्याकडे गर्दी वाढली होती. म्हणाला, "मायनं नाव बुडाई ऱ्हायनी तू." मी म्हणाले, बुडत असेल तर बुडू दे, माणसं बुडण्यापेक्षा बरं. त्यानंतर राखीलाही तो आला नाही. मी त्याची वाट पाहिली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण फोन करून माफी मागितली नाही, हे खरं आहे.

खुंट्या मी सुताराला बोलावून काढून घेतल्या. आणि डब्यातल्या पिशव्या एकेक करून परत द्यायला निघाले. हे म्हणाले, कशाला उकरतेस, जुन्या गोळ्या कोण खाणार आहे. गोळ्या खाण्यासाठी परत देत नव्हतेच मी. मला माणसं बघायची होती. काही भेटली, धडधाकट, मला बघून हसली, म्हणाली बाई तुम्ही कशाला आलात, आम्ही तर नवं पाकीट आणून कधीच सुरू केलं. काही माणसं गाव सोडून गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. पिशवी देताना मी प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलायचे, की मी तुमची गोळी बंद करायला नको होती. काही जण अवघडायचे. त्यांच्या अवघडण्यासाठी मी वाक्य बदललं नाही.

मधे पावसाळा झाला. मी, शेजारचा खतवाला, दुकानातले दोघे कारागीर, सगळ्यांनी लस घेतली. खतवाला सुईला भितो, त्याला मी दंड धरून नेलं. श्रावणात यांना ताप आलाच. चार दिवस अंथरुणात होते, खोकले, चिडचिड केली, पाचव्या दिवशी उठून दुकानात गेले. लशीमुळे इतकंच झालं की नशिबानं, ते मी सांगू शकत नाही. पण हात थरथरले नाहीत. जी लस कमी लागू पडते म्हणतात, ती इतकी लागू पडली तरी माझी तक्रार नाही.

दिवाळीनंतर एकच पिशवी उरली. धानोऱ्याची. बसनं शहादा, मग प्रकाशा गावाजवळच्या पुलावरून तापी ओलांडून नंदुरबार, तिथून धानोरा. चिठ्ठीवरचं नाव विचारत गेले तर एका घराकडे बोट दाखवलं. दारात त्या घरची सून कापूस निवडत होती. मला तिनं ओळखलं, चार वर्षांपूर्वी सासऱ्याला घेऊन तीच आली होती. उठून पाया पडली. आत भिंतीवर सासऱ्याचा फोटो होता, त्याला हार घातलेला.

तिनं पाणी दिलं, चहा टाकला. म्हणाली, "बाई, तुम्हना औषधनी गुण दिधा. डोया साफ व्हई गयथात त्यास्ना." कावीळ उतरली, मग एकोणिसाव्या दिवशी सकाळी तोंड वाकडं झालं, एक बाजू गेली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. पण कावीळ उतरली होती, असं तिनं पुन्हा सांगितलं. चार वर्षं ती माझे उपकार मानत होती.

चहाला मी हात लावला नाही. पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं. त्यांच्या गोळ्या मी ठेवून घेतल्या होत्या. यात ब्लडप्रेशरची गोळी आहे, ती सोडायची नसते. त्या सुरू असत्या तर ते वाचलेच असते असं मी म्हणू शकत नाही, पण मी त्या बंद केल्या, आणि न वाचता बंद केल्या. तू मला शिव्या दे, गावात सांग, मी ऐकून घेईन. उपकार मात्र मानू नको.

ती कापसातली काडी बोटांनी मोडत राहिली. मग म्हणाली, "रोज ईचारेत, एकईस दिन व्हयनात का म्हनीसन. डोकं दुखस म्हनेत. मीच सांगू त्यास्ले, आखो दोन दिन शेतस, धीर धरा."

तिचे सासरे दिवस मोजत होते, माझा नवरा गोळ्या मोजत होता, आणि दोघांनी ज्या बाईवर भरवसा ठेवला तिनं एक पाकीट उलटून बघितलं नव्हतं.

मी उठायला लागले तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं. पिशवी उलगडून माझ्या मांडीवर ठेवली. शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही.

"वाची दखाडा," ती म्हणाली. "कोनती गोयी कसानी व्हती, माले समजू द्या."

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि पहिलं पाकीट उजेडाकडे धरून वाचायला सुरुवात केली.